निवड

भुसावळ, मे. पारा सेहेचाळीस.
हे वहीत उतरवतायत डॉक्टर भिरूडांचे प्रश्न:
ऊन सोसेल का,
अंगावर केस किती,
एकटं किती तास राहील.
यांची ड्यूटी मालगाडीवर,
परतायची वेळ रेल्वेलाही ठाऊक नसते.

शेजारच्या नेहेतेंनी हौसेनं हस्की आणला.
तो कुलरपुढच्या ओल्या फरशीवर
दिवसभर पोट टेकून,
निळे डोळे दाराकडे.

"थंडीतला जीव," हे हळहळले,
"आणण्याआधी विचार नको करायला?"

मी आंबोलीची.
बावीस वर्षं झाली.
कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते,
म्हटलं, वही द्या जरा इकडे.
दिली.
कोऱ्या जागेवर बोटं उमटली पिठाची,
लिहिलं काहीच नाही.
गाडीची वेळ झाली होती यांच्या.