बिनखिळ्याचं

कास्त्रोच्या वाचनालयात मंगळवारी चार वाजता
मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं म्हातारे बसतो,
रुदेसिंदाबाई आणि मी,
एलेउतेरियो कार्कामो.
चाळीस वर्षं होड्या बांधल्या.
आता उजव्या हाताला तीन बोटं.
बाकीची दोन करवतीनं नेली,
तिचं काही येणं राहिलं असावं.

शिकवणारी यानारा. वय अकरा,
ओठावर कोकोची मिशी.
"काही लिहायचं नाही, आजोबा.
नुसतं ओढा आणि सोडा."
ओढणं येतं, म्हटलं,
सोडायचं शिकतोय.

पडद्यावर एक खेकडा,
शेजारी ठोकळ्यांचा ढीग, निळे, पिवळे, नारिंगी,
प्रत्येकाच्या माथ्याला खाच, पोटाला कूस.
मला हसूच आलं.
हे तर आमच्याच घरातलं!
आमच्या बेटावरची जुनी चर्चं अशीच उभी,
लाकडात लाकूड, खिळ्याचं नाव नाही.
बाबा सांगायचे, बसत नसेल तर ठोकू नकोस,
तुकडा चुकत नाही, जागा चुकते.
इथंही तेच. चुकीच्या जागी नेला
की ठोकळा मुकाट बाजूला होतो,
चिरत नाही, रुसत नाही.
जुळला की

टक्.

एवढासा आवाज.
चौदा महिन्यांत माझ्या हातून
जुळल्याचा आवाज निघाला नव्हता.

"दहा पावलं चाल." टक्.
हिरवा झेंडा दाबला.
खेकडा दहा पावलं गेला नि उभा राहिला.
मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे.
"सांगाल तेवढंच करणार तो," यानारा म्हणाली.
असा गडी मला जन्मात मिळाला नाही.
सेगुंदो तर सांगितलेलं सोडून
बाकी सगळं करायचा.

मग 'कायम' नावाचा ठोकळा,
जबड्यासारखा उघडा.
त्याच्या तोंडात पावलं ठेवली
आणि खेकडा निघाला तो निघालाच,
कडेच्या बाहेर गेला,
एक नांगी तेवढी दिसत राहिली.
पलीकडे कुठेतरी चालतच असणार बिचारा.
रुदेसिंदाबाईंनी छातीवर क्रूस काढला.

मला करवत आठवली.
मी ओरडल्यावरही ती चालूच होती.
तिला 'थांब' कुणी शिकवलंच नव्हतं.

"जर लावा," यानारा म्हणाली,
"जर कडेला लागला, तर वळेल."

जर-तरला माझ्या घरात बंदी आहे.
बायको सुरू करायची,
जर त्या दिवशी हातमोजे काढले असतेस,
जर सेगुंदो वेळेवर आला असता.
आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणायचो मी,
आणि उठून शेडमध्ये जायचो,
जिथं करायला काहीच नव्हतं.

आज तोच 'जर' समोर,
नारिंगी, पोटात एक षटकोनी खाच रिकामी.
"यात काय घालू?"
"प्रश्न. ज्याचं उत्तर हो नाहीतर नाही, असा."
असा प्रश्न सापडायला वेळ लागला.
माझे सगळे 'का'नं सुरू होणारे.

कडेला लागलास?

टक्.

खेकडा गेला, टेकला, वळला,
आणि पाय आभाळाकडे करून
पाठीवर चालत परत आला.
रुदेसिंदाबाई इतक्या हसल्या
की कवळी सावरावी लागली.
यानारा दुरुस्त करायला सरसावली.
राहू दे गं, म्हटलं,
माझी पहिली होडीसुद्धा
आधी उलटीच तरंगली होती.

पाच वाजले. सेव्ह करायचं,
म्हणजे नाव द्यायचं.
होडीला बायकोचं देतात, नाहीतर संताचं.
तीन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत
मी लिहिलं: मंगळवार.

दिवे मालवताना यानारा म्हणाली,
"आजोबा, त्याला थांबवायचं राहिलं."
जाळीदार खिडकीतून अजून दिसत होता,
अंधारात, पाय वर,
कडेला जायचा,
विचारायचा,
वळायचा.