उलटं पिकणं

रसायनशास्त्राची गच्ची, दुपारचे दोन,
सेहेचाळीस अंश.
निखत मॅडम म्हणतात, "निनावे, ओलं फडकं आणा."
डोक्यासाठी नाही, पंपासाठी.

काचेच्या पेटीत एक काळी पट्टी, उन्हाकडे तोंड करून.
पॅनेल नाही, तारांचं जंजाळ नाही,
ऊन थेट द्रवात उतरतं आणि टाकीत जाऊन बसतं.
दोन टाक्या, मध्ये कागदाएवढा पडदा.
एकमेकांत मिसळायचं नाही,
देवाणघेवाण मात्र पडद्याआडून.
आमच्या आळीत अशी लग्नं जमत.

सकाळी डावी टाकी नारिंगी असते
(नागपूर आहे, दुसरा शब्द कुठून आणू).
तीनपर्यंत हिरवी होते, काळसर, गच्च हिरवी.
बागेत हिरव्याचं नारिंगी होतं,
इथे उन्हात उलटं पिकतं.

माझा बाप, हरबाजी, गोळीबार चौकात सूत रंगवायचा.
निळीच्या माठातून लडी निघायची ती पिवळट, हिरवट,
ओशाळलेली.
गिऱ्हाईक घाबरायचं.
बाप म्हणे, थांब ना बाप्पा, वारा लागू दे.
आणि दोरीवर, बघता बघता, निळी.

हे मी मॅडमना सांगितलं.
त्या हसल्या नाहीत, वहीत टिपून घेतलं.
त्यांचे आजोबा मोमिनपुऱ्यात मागावर बसत.
म्हणाल्या, "सूत तुमच्याकडूनच येत असेल."

फरक एवढाच,
बापाचं काम वाऱ्याने पुरं व्हायचं,
इथे वारा चोर.
एक बुडबुडा आत शिरला
की दिवसाची कमाई गुपचूप उचलतो.
गेल्या मंगळवारी नेलीच,
कुलरच्या दुकानातून आणलेल्या नळीला भेग होती.
तेव्हापासून प्रत्येक जोडावर मी दोनदा बोट फिरवतो.

काल रात्री साडेनऊला लाईन गेली.
खाली वसतिगृहातली पोट्टी ओरडली.
पंप बंद, म्हणून मी दांडा लावून हाताने फिरवला,
कांड्या भरायच्या चरख्यासारखा,
आणि चार इंची पंखा
आधी थरथरला, मग फिरला.
मॅडमच्या कपाळावरचे केस हलले.
मोबाईलच्या उजेडात टाकी
हळूहळू नारिंगीकडे परतत होती.
दुपार वारा होऊन आली होती,
ह्या वेळी चोर नव्हे.

एकोणीस मिनिटं.
मॅडमनी लिहिलं: एकोणीस.
मग खोडून: साडेअठरा.
पंखा थांबल्यावरही
मी दांडा फिरवत राहिलो थोडा वेळ.