लोणा

बाबांच्या वहीत जागा अशी लिहिली आहे:
'मुरारचा नाका सोडून, ओढ्याच्या अलीकडे.
विहिरीपासून उगवतीला चाळीस पावलं.
अकरा समाध्या. एक लहान.'
पावलं कुणाची, ते लिहिलेलं नाही.

पटवाऱ्याकडे तीनदा गेले.
पहिल्यांदा तो जेवत होता. दुसऱ्यांदा सर्व्हर.
तिसऱ्यांदा त्यानं खसरा नंबर काढला,
पडद्यावर बोट ठेवलं:
'परती ज़मीन. यहाँ तो कुछ था ही नहीं, मॅडम.'

आम्ही गोसावी. आमच्यात जाळत नाहीत,
निजवतही नाहीत.
मांडी घालून बसवतात, तोंड उत्तरेला,
मांडीवर झोळी, गळ्यापर्यंत मीठ,
मग माती.
उमरावगीर पणजोबांना नऊ गोणी लागल्या
असं मथीआत्या सांगायची,
आणि तेव्हाचा मिठाचा भावही सांगायची.

फाटकावर कमान: शिवधाम रेसिडेन्सी, फेज टू.
चौकीदार भदौरियानं रजिस्टर पुढे सरकवलं.
'कोणाकडे' या रकान्यावर
मी पेन धरून उभी.
मग लिहिलं: गिरी परिवार.
फ्लॅट नंबर?
तळमजला, म्हटलं.

विहिरीवर आता पंपाची खोली आहे,
दारावर रंगवलंय: जल ही जीवन.
तिथून निघाले. एक. दोन.
एकोणिसाव्याला कुणाची तरी तुळस आडवी आली,
वळसा घातला;
वळशाची पावलं धरायची की सोडायची?
चाळिसाव्याला मुलांची घसरगुंडी.
पण बाबा सहा फुटी, आणि मी ही अशी.
त्यांचे चाळीस म्हणजे माझे पन्नास धरले,
आणि पन्नासावं पाऊल
बी ब्लॉकच्या पार्किंगमध्ये पडलं,
पांढरी बोलेरो आणि झाकून ठेवलेली स्कूटर
यांच्या मधे.

गाड्यांचे रकाने मोजले. चौदा.
जुळले नाहीत. बरं झालं,
जुळले असते तर माझाच विश्वास बसला नसता.

समोर भिंत. कमरेपर्यंत पोपडे,
पोपड्यांखाली पांढरी पिठी,
हात लावला की झरणारी.
'लोणा है,' भदौरिया मागून म्हणाला.
'हर साल पुताई, हर साल यही.
बिल्डर बोला, रेत खराब थी.
पर बाकी ब्लॉक में नहीं है. बस इधर.'

तो मोबाइलकडे वळेपर्यंत थांबले.
मग बोट जिभेवर ठेवलं.

बाबांना आम्ही विजेच्या दाहिनीत दिलं.
मार्च महिना. कुठं न्यायचं होतं?
खिडकीतल्या माणसानं विचारलं होतं, तुमची जागा आहे का,
जागेचा कागद?
पंचेचाळीस मिनिटं लागली.
घराण्यात आडवा होऊन गेलेला
तो पहिला.

एवढंच सांगायला आले आहे.
धाकटा म्हणतो, केस करू, भरपाई मागू.
मागेल तो.
मला फक्त वाटलं, ही बातमी त्यांना
कुणा परक्याकडून कळू नये.

पहिल्या मजल्यावर एक पोरगी पाढे म्हणतेय,
सतरा पंचे अडखळतेय, पुन्हा मागून सुरू.

उत्तर कुठली ते मोबाइलवर पाहिलं.
नमो नारायण, म्हटलं, हळूच,
आणि गुडघे कुरकुरत असताना मांडी घातली.
जमीन कोमट होती. गाडी नुकतीच गेली असावी.

'यहाँ मत बैठिए, मॅडम,
तोमर साहब की गाड़ी आती है, छह बजे.'
किती वाजले?
'पाँच चालीस.'

वीस मिनिटं, म्हटलं.
पुरतील.