भरती पावणेपाचला

बांबोळीहून पट्टा बांधून पाठवले मला.
कमरेला डबी, दंडाला कापड.
दर अर्ध्या तासाने ती घुरघुरते
आणि हात आवळते,
रोज भेटणाऱ्या नाक्यावरच्या शिपायाने
पुन्हा कागद मागावेत तशी.
झोपा नेहमीसारखे, डॉक्टर परेरा म्हणाली.
नेहमीसारखे म्हणजे कसे, ते मी तिला सांगितले नाही.

रात्री दोनला एकशे अठरा.
साडेतीनला एकशे बावीस.
पावणेपाचला एकशे सहासष्ट.
कुत्रे भुंकले नव्हते,
आमोण्याच्या पुलावरून एकही गाडी गेली नव्हती,
पोदेराचा भोंगा अजून तासभर लांब.
मी नुसता डोळे उघडून पडलो होतो.

तिने कागदावरची रेघ दाखवली :
रात्रभर सखल, आणि पहाटे हा असा कडा.
"इथेच पुष्कळांचे हृदय अडखळते, काका.
शिवाय रक्तात सीआरपी वाढलेय, ईएसआरही.
ताप नाही, जखम नाही,
तरी कुठेतरी धग आहे आत.
दाब आणि धग, दोघांचे एकमेकांशी काय चालते
तेच आम्ही शोधतोय."
मग दात तपासले, गुडघे दाबले,
विडीचे विचारले, मिठाचे विचारले,
घोरतात का, हे शेवंतीला विचारले.
बार्जचे कुणी विचारले नाही.

सत्तावीस वर्षे मी भरतीवर उठलो.
ती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते,
मीही सरकत असे,
घड्याळाला हात न लावता.
नांगर उचलायच्या आधी
अंगात काहीतरी चढायचे,
ते चढल्याशिवाय दोर हातात धरवत नसे.
खाणी बंद झाल्या. शेवटची खेप मुरगावला गेली
त्या दिवशी भरती पावणेपाचला होती.
नदी पुढे गेली. आज तिची भरती कधी
ते मला विचारू नका.
मी तिथेच बांधून राहिलोय.

बार्ज कापली तेव्हा मी पाहायला गेलो होतो.
जाऊ नको, शेवंती म्हणाली होती.
निळी ज्योत पत्र्यावरून फिरत होती,
आवाज फारसा नाही, नुसती कड लाल होत जायची
आणि मोठा तुकडा निमूट चिखलात पडायचा.
सीआरपी सात पूर्णांक आठ.
मी काही डॉक्टर नव्हे.

आता घरचे मशीन आहे, लेकाने फोंड्याहून आणलेले.
उठल्यावर, चहाच्या आधी, दोनदा.
शेवंती आकडे उतरवते
पोदेराच्या हिशेबाच्या वहीत.
उंडे सहा, पोळ्या चार,
एकशे अठ्ठावन्न वर शहाण्णव.
गोळी रात्री घ्यायची की सकाळी
यावर आमचे एक भांडण झाले, तेही वहीत आहे.

काल उधारी बघायला म्हणून
मी वही उलटी उघडली.
शेवटच्या पानावर पेन्सिलने, बारीक,
तारखा नाहीत, नुसते आकडे.
एकशे चौऱ्याहत्तर. एकशे ऐंशी.
एकशे अठ्ठ्याहत्तर, पुढे खोडलेले काहीतरी.
माझे नव्हते ते. माझे कधीच एवढे नव्हते.

सत्तावीस वर्षे मी भरतीवर उठलो,
आणि माझ्या आधी अर्धा तास
चुलीपाशी कुणीतरी उठलेले असे.
डबा गरम कसा असतो
हा प्रश्न मला नदीवर कधी पडला नाही.

आज पहाटे मी पट्टा घेऊन स्वयंपाकघरात गेलो.
हात दे, म्हटले.
तिने पिठाचा हात पदराला पुसला,
बसली, बाही वर केली,
दंडावर कापडाचा जुना वळ होता, माझ्यासारखाच.
कधीपासून गो, मी विचारू लागलो.
गप, ती म्हणाली,
बोलले की आकडा चढतो.
मशीन घुरघुरू लागले.
आम्ही दोघे भिंतीकडे बघत बसलो.