डिग्रीसाठी शिकते का?

सॅगिनॉच्या लायब्ररीत, तळघरात,
फेब्रुवारीतले शनिवार
आम्ही लोकांचा टॅक्स फुकट भरून देतो.
म्हणजे फॉर्म. पैसे त्यांचेच.
हा विनोद मी दर शनिवारी करते.
अजून कुणी हसलेलं नाही.

कराड नगरपालिकेत घरपट्टीच्या खिडकीमागे
सव्वीस वर्षं काढलेली बाई मी.
तिकडे लोक भांडायला यायचे.
इकडे बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकून येतात,
कागद पोटाशी धरून,
तपासणीचा रिपोर्ट आणावा तसे.

अकरा नंबर. लोर्ना कुबियाक.
हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळी,
बोटांची पेरं ब्लीचने पांढुरकी.
सोबत मुलगी, वेरेना. सतरा पूर्ण,
हायस्कूलचं शेवटचं वर्ष,
आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी
दोन बस बदलून कम्युनिटी कॉलेज.
एकच विषय: भूगर्भशास्त्र.
फी सहाशे चाळीस डॉलर.
शाळेच्या यादीत दगड बसत नव्हते,
म्हणून आईने भरली, चार हप्त्यांत.
चारही पावत्या आहेत, क्लिप लावून.

एक मोठी सवलत आहे, अडीच हजारांपर्यंतची.
तिच्या दारात एक प्रश्न
पाय पसरून बसलेला असतो:
डिग्रीसाठी शिकते का? हो. नाही.

लोर्ना म्हणाली, हो लिहा ना,
पुढे करेलच की काहीतरी.
कॉलेजने तिला कशात धरलंय
ते कागदावर दिसतच होतं,
तरी मी मुलीला विचारलं. विचारायचं असतं.
ती म्हणाली, नाही.
मला फक्त दगड कळायला हवे होते.

सव्वीस वर्षांत खिडकीच्या त्या बाजूने
इतकं सरळ उत्तर आलं नव्हतं.
या बाजूनेही नाही, खरं सांगायचं तर.

मग तिने कोटाच्या खिशातून एक काढला.
लेकच्या काठचा, राखाडी, लिमलेटच्या गोळीएवढा.
माझ्या बाटलीतलं पाणी टोपणभर मागून घेतलं
आणि ओतलं.
रकाने!
सहा कोनांचे, एकाला एक चिकटून,
प्रत्येकाच्या मध्ये काळा ठिपका.
हे जिवंत होते, ती म्हणाली,
आणि हे त्यांचं तोंड.
पस्तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता.
लोर्ना म्हणाली, मग टॅक्स कोण भरायचं?
आणि शेजारच्या टेबलावरचा म्हातारासुद्धा
खोकला येईपर्यंत हसला.

मी ‘नाही’वर खूण केली.
नाहीवाल्यांसाठी दुसरी सवलत असते, लहान.
फीच्या एक पंचमांश. एकशे अठ्ठावीस.
डिग्री नको, वयाची अट नको,
किती वर्षं घेतली ते कुणी मोजत नाही.
नाव मात्र भलतंच मोठं,
आयुष्यभर शिकण्याची सवलत.
कोण्या साहेबाने ठेवलं असेल,
संध्याकाळी, चहा गार झालेला असताना,
घरी जायच्या घाईत?

पण बाकीचं वजा जाता
लोर्नाला द्यायचा कर उरला होता नव्वद.
नव्वद पुसले गेले.
राहिलेले अडतीस हातात मिळत नाहीत,
पुढच्या वर्षावरही जात नाहीत.
मग ते जातात कुठे? वेरेनाने विचारलं.
परीक्षा पास होऊन मी या खुर्चीत बसले आहे.
परीक्षेत हे नव्हतं.

प्रिंटर कण्हत एकेक पान काढत होता.
तेवढ्यात दगड वाळत आला,
कडेचे रकाने आधी मिटले.
लोर्नाने सही केली, पेन ठेवलं,
नोटा मोजताना लावतात तसं
बोट जिभेला लावलं
आणि दगडावरून फिरवलं.