गाळा

चौदा नंबरचा गाळा मीच दिला.
नदीकडे तोंड, दगडी कमान, आत खोल बावीस मीटर.
पोर्तोच्या रिबैरात असं तोंड मिळावं म्हणून
मोठमोठ्या पेढ्या माझ्या दारात बसून असतात.

आधी तिथे आदेलिनू किंतेला होता.
दोरखंड, बुचाचे तरंगे, जाळ्याची शिसं,
मागच्या अंधारात खारवलेला बाकालाऊ
फळ्यांसारखा रचलेला.
भाडं नोटांत मोजून द्यायचा. नोटांनाही वास.

मी भिंतीला लेझर लावला,
तर लाल ठिपका जाऊन बसला रेघांवर.
पुराच्या रेघा. पेन्सिलीच्या, एक खिळ्याने कोरलेली.
सालं नव्हती, नावं होती.
गुडघ्यापाशी पिठाचा पूर,
कमरेपाशी खेचराचा,
आणि माझ्या डोक्याच्याही वर: झुलमिरा.
‘बहीण,’ आदेलिनू म्हणाला.
‘त्या रात्री वरच्या मजल्यावर झाली.
सुईण होडीतून आली, खिडकीतून शिरली.’
मी वहीत टिपलं: मूळ भिंत, गिऱ्हाइकाला आवडेल.
चौरस मीटरला अकरा युरो वर सांगता येतील.
सांगितले. मिळाले.

हल्ली व्यवहार असाच होतो.
सहा महिने भाडं माफ, मग विक्रीवर टक्का.
पहिल्या रांगेला बोली लागते,
दुसरी रांग पहिलीकडे बघून भाव खाते,
जिन्यांवरच्या खोल्या आठवड्याच्या हिशेबाने जातात,
तिथे वाळत घातलेले पांढरे टॉवेल
सगळे एका मापाचे.
कमानीखाली माणसं मोजणारा कॅमेरा.
पर्यटकांची बोट लागली की आकडा उसळतो,
बोट सुटली की बसतो.
मी त्याला भरती-ओहोटी म्हणते, ऑफिसात हसतात.

गाळ्यातला गाळ काढायला तीन दिवस लागले.
मग पिशव्या आल्या. चामड्याच्या. एकूण नऊ.
एकेका पिशवीला माझ्या न्हाणीघराएवढी जागा.
मिलानहून एक बाई स्क्रीनवर आली,
भिंत बघून हळवी झाली.
‘ती वरची रेघ किती सुंदर!
जरा खाली घेता येईल? आरशाच्या आड येते.’

बेंतू रंगारी आला. वरची रेघ चुन्याने बुजवली,
ऐंशी सेंटिमीटर खाली नवी ओढली,
कॉफीच्या पाण्याने जुनी केली.
झुलमिराचा पूर
एका दुपारीत ओसरला.
काम पाहिल्याची सही माझी.

जानेवारीत नदी चढली.
रात्री तीनला पहारेकरी ओसोरियूचा फोन:
बाई, उंबरठा दिसत नाही.
मी करार उघडला. आगीवर चार पानं,
पाण्यावर एक ओळ, तीही विम्याकडे बोट दाखवणारी.
पिशव्या कुठवर उचलायच्या?
मिलान झोपलेलं.
मी आदेलिनूला उठवलं.
तो आता वर गोंदोमारला मुलीकडे असतो,
तिथून नदी दिसत नाही.
विचारलं, कुठवर येईल?

तो बराच वेळ बोलला नाही.
मागे कुणीतरी खोकलं.
मग म्हणाला,
‘कुठल्या रेघेने सांगू? तुझ्या, की झुलमिराच्या?’

कुणी सांगितलं त्याला, मी विचारलं नाही.
‘मोरीचा वास घे,’ म्हणाला.
‘समुद्राचा आला तर थांब, ते परत जातं.
मातीचा आला तर चढ.’

वीज गेलेली. पाणी पोटरीला.
ओसोरियूने मला खांद्याशी धरलं, मी वाकले,
चाळीस युरोचे केस भिजले.
मातीचा.

मग आम्ही दोघं त्या नऊ पिशव्या डोक्यावर घेऊन
भिंतीला तळवा लावून चाललो.
नवी रेघ हाताला लागलीच नाही, ती नुसता रंग.
वर, आणखी वर चाचपत गेले
तेव्हा चुन्याखाली बोटाला
खिळ्याची एक खाच लागली.
इथे, मी ओरडले, ह्याच्या वर.