कौल

जाळी ठेवायच्या खोलीत आता बारा टाक्या.
खिळ्याला सासऱ्यांची शिसं अजून लटकतात,
खाली हवेचा पंप घुरघुरतो
आजारी मांजरासारखा.

"गोड्या पाण्यातलो मासो, तो खयचो मासो?"
सासू म्हणते, आणि तरीही
वाफवलेल्या तिसऱ्या बारीक चिरून देते,
मीठ नको म्हटलं की रागावते.

सात नंबरात एंजलची जोडी.
बदामाची वाळकी पानं सोडून
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं केलंय,
कडेला मंगलोरी कौल उभं.
महिनाभर मादीला दिवसातून चारदा,
चिमटीचिमटीनं. उरलं तर लगेच नळीनं ओढायचं,
उपाशी मासा परवडतो, नासलेलं पाणी नाही.

तीनदा अंडी घातली.
तीनदा सकाळी कौल कोरं.
कुडाळच्या शिबिरात सांगितलेलं:
कौल काढा, वेगळं ठेवा.

आज चौथ्यांदा.
माझा हात कोपरापर्यंत पाण्यात,
आणि नर आला, नखाएवढ्या तोंडानं
बोटाला चावला.
मी हात मागे घेतला.

रात्री लाइट गेली. पंप गप्प.
तांब्यानं पाणी उचलून वरून सोडत बसलो
मी नि सासू, आळीपाळीनं.
भिंतीपलीकडे देवबागचा समुद्र
फुकटच घुसळत होता.

बॅटरीच्या उजेडात दोघं
परांनी वारा घालतायत कौलाला,
पांढरी पडलेली तेवढी वेचून.

"खातत काय गो?"
"नाय अजून."
ती काचेला कपाळ टेकते.
"माजे पयले दोन रवाक नाय."
मग बराच वेळ काही नाही.
"तांब्यो हय दी."